शेवटचं पान आधी वाचू नका

आमच्या घराण्यात कुणालाही इंग्रजी पीडीएफ आली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. विम्याची पॉलिसी, आयकराची नोटीस, बँकेचं पत्र, आणि गेल्या दोन वर्षांत मानसिक तपासणीचे चार रिपोर्ट. "तू कम्प्युटरचं शिकलायस न्हवं, मग बघ की जरा काय लिहिलंय," असा आत्याचा युक्तिवाद. कम्प्युटरचा आणि मनाचा काय संबंध ते तिने सांगितलं नाही. पण दुसऱ्यांनी लिहिलेली लांबलचक कागदपत्रं वाचणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग आहे, हे खरं. मला निदान करता येत नाही, औषधातलं तर काहीच कळत नाही. कुठला शब्द कुठल्या अर्थाने आलाय, कुठला आकडा कशातून निघालाय, एवढं मात्र शोधता येतं. जिथे अडलो तिथे ओळखीच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबाईंना विचारलं. त्या न कंटाळता उत्तरं देतात, म्हणून हा महिन्याचा लेख त्यावर.

चारही घरांत एक गोष्ट सारखी घडली. रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यांनी शेवटचं पान आधी उघडलं. तिथे एक आकडा असतो किंवा एक शब्द असतो, आणि तो वाचला की आधीची सहा-सात पानं कुणी वाचत नाही. सातबाराचा उतारा आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, नावात एक वेलांटी चुकली तर तलाठ्याकडे चार खेपा घालतो. पोराच्या मनाबद्दलचा कागद मात्र एका आकड्यावर मिटतो.

आत्याच्या नातवाचंच घ्या. वय 9, इंग्रजी माध्यम, चौथीत. घरात मराठी, मैदानावर कन्नड, शाळेत इंग्रजी, म्हणजे आपल्या बेळगावातलं अगदी नेहमीचं पोर. वाचायला फार वेळ लागतो, वर्गात विचारलं तर गप्प बसतो, म्हणून शाळेने तपासणी करून घ्यायला सांगितलं. रिपोर्टात आलं: शाब्दिक बुद्ध्यांक 84, कृतीचा बुद्ध्यांक 106, एकूण 95. आजोबांना 84 म्हणजे डिस्टिंक्शन वाटलं, ते खूश. आईने मोबाइलवर 84 चा अर्थ शोधला आणि रात्रभर झोपली नाही. एकाच आकड्यावर एकाच घरात पेढे आणि रडारड!

दोघांनीही पहिलं पान वाचलं नव्हतं. पहिल्या पानावर 'रीझन फॉर रेफरल' नावाची एक-दोन ओळींची जागा असते. तपासणीला का पाठवलं, ते तिथे लिहितात. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टातली ही सगळ्यात मोलाची ओळ, कारण पुढचं सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर असतं. 'वाचनात अडचण आहे का' या प्रश्नासाठी केलेली तपासणी, 'हा मोठेपणी काय होईल' याचं उत्तर देत नाही. 'परीक्षेत लेखनिक द्यावा का', 'औषधाचा उपयोग होतोय का', 'अपंगत्वाचा दाखला मिळेल का' हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. एका कामासाठी केलेला रिपोर्ट दुसऱ्या कामाला वापरला की गोंधळ ठरलेला.

यानंतर येतात चाचण्यांची नावं. ही नावं आपण सहसा ओलांडून जातो, पण आपल्या भागातल्या माणसाने तिथे थोडं थांबावं. लहान मुलांच्या रिपोर्टात 'बी.के.टी.' दिसलं तर ती बिने-कामत चाचणी. फ्रान्समधल्या बिने यांच्या चाचणीचं व्ही. व्ही. कामत यांनी 1934 मध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, तेही आपल्याच मुंबई-कर्नाटक भागात. म्हणजे आज देशभर वापरली जाणारी ही चाचणी मुळात आपल्यासारख्या दुभाषी मुलखात तयार झाली आहे. 'एम.आय.एस.आय.सी.' ही दुसरी, नागपूरला काम करणाऱ्या डॉ. आर्थर मालिन यांनी 1969 मध्ये भारतीय मुलांसाठी बसवलेली. आत्याच्या नातवाची हीच झाली होती. शाब्दिक आणि कृतीचा असे दोन बुद्ध्यांक ती वेगवेगळे देते. शब्दांचे अर्थ, माहिती, गणितं हा एक भाग. चित्रं, ठोकळे, तुकडे जोडणं हा दुसरा.

आता या दोन्ही चाचण्या जुन्या आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. 1934 चं मूल आणि आजचं मूल यांत फरक आहेच. शिवाय बिने-कामतमध्ये मुलाचं मानसिक वय भागिले खरं वय गुणिले 100 असा हिशेब असतो, तर नव्या चाचण्यांमध्ये मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांच्या सरासरीशी करतात. मागच्या वर्षी एका चाचणीत 102 आणि यंदा दुसरीत 94, म्हणजे पोराची बुद्धी 8 ने उतरली असा अर्थ होत नाही. रुपये आणि डॉलर सरळ वजा करण्यासारखं आहे ते.

आणि चाचणी कुठल्या भाषेत घेतली? हा प्रश्न पुण्यातल्या घराला कदाचित सुचणार नाही, आपल्याला सुचलाच पाहिजे. बेळगाव-खानापूर काय, इंदूर-बडोदा काय, आपली मुलं घरात एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी शिकतात. कृतीच्या भागाला त्याचा फारसा फटका बसत नाही. शाब्दिक भागाला बसू शकतो. आत्याच्या नातवाच्या रिपोर्टात तिसऱ्या पानावर 'बिहेवियरल ऑब्झर्व्हेशन्स' या मथळ्याखाली एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर असं: मूल सहकार्य करत होतं, मात्र काही प्रश्नांची उत्तरं मराठीत देत होतं, इंग्रजीत सांगण्याची आठवण करावी लागली. ते वाक्य कुणीच वाचलं नव्हतं. 84 आणि 106 मधल्या 22 च्या फरकाकडे बघण्याची निदान एक वाट त्या वाक्यात होती.

मी त्याच्या आईला एवढंच म्हटलं, की फोन करून विचार, शाब्दिक भाग कोणत्या भाषेत घेतला आणि मराठीतून पुन्हा घेता येईल का. तपासणाऱ्या बाई चिडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, शाळेने इंग्रजी माध्यम लिहिलं होतं, घरची भाषा तुम्ही फॉर्मवर भरलीच नव्हती. बघा, फॉर्मवरची एक रिकामी चौकट! पुढच्या भेटीत त्यांनी भाषेचा भाग मराठीतून घेतला आणि वाचनाच्या चाचण्या वेगळ्या केल्या. मराठीतून त्याला कितीतरी जास्त शब्द येत होते. पण वाचनाची अडचण खरी निघाली, इंग्रजीतही आणि देवनागरीतही. बुद्धीबद्दलची भीती गेली आणि वाचनदोषाचं निदान राहिलं. आईला पहिल्या गोष्टीचा आनंद झाला, दुसरीचं वाईट वाटलं, आणि ते दोन्ही बरोबरच होतं. रिपोर्ट नीट वाचला की निदान पुसलं जातं, अशी आशा कुणी धरू नये. निदान नेमकं होतं, इतकंच.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त पाय घसरतात. बुद्ध्यांकाच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण तीनपैकी दोन मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात. हे गुण नव्हेत, रांगेतली जागा आहे. चांगल्या रिपोर्टात आकड्याशेजारी एक पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ 84 च्या पुढे '79 ते 91' असं काहीतरी. त्याचा अर्थ, हीच चाचणी त्याच मुलाला पुन्हा दिली तर आकडा थोडा हलेल आणि खरा आकडा बहुधा या पट्ट्यात असेल. आम्ही इंजिनीअर लोक मोजमापाला असा पट्टा नसेल तर ते मोजमाप स्वीकारत नाही. लोखंडी रॉडच्या जाडीला जे लागतं ते पोराच्या बुद्धीला नको का लागायला?

'पर्सेंटाइल' हा तर महाठक शब्द. तो टक्क्यांसारखा दिसतो आणि टक्के नसतो. 50 पर्सेंटाइल म्हणजे शंभरात 50 गुण नाहीत. त्या वयाच्या शंभर मुलांना ओळीने उभं केलं तर हे मूल बरोबर मधोमध उभं आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे 50 पर्सेंटाइल ही अगदी समाधानाची गोष्ट आहे. माझ्याकडे आलेल्या एका रिपोर्टात '37 पर्सेंटाइल' वाचून वडिलांनी मुलाला 'जेमतेम पास' ठरवलं होतं. त्याच ओळीत पुढे 'अॅव्हरेज' असा शब्द छापलेला होता.

'सोशल क्वोशंट' किंवा 'एस.क्यू.' दिसला तर तो आकडा मुलाकडून काढलेला नसतो. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं कुठे जातं का, असे प्रश्न घरच्यांना विचारतात आणि त्यावरून हिशेब मांडतात. व्हाइनलँड नावाची मोजपट्टी आहे, तिचंही भारतीय रूप मालिन यांचंच. आता आपल्या घरांत आठ वर्षांच्या नातवाला आजी वरणभात भरवते, कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्याला सोडत नाही, बुटांची नाडी आजोबा बांधतात. आजीने प्रामाणिकपणे 'नाही हो, त्याला कुठलं जमतंय' असं सांगितलं की आकडा खाली येतो. तेव्हा उत्तरं कुणी दिली तेही रिपोर्टात बघावं. 'इन्फॉर्मंट' या शब्दापुढे ते लिहिलेलं असतं.

मोठ्या माणसांच्या रिपोर्टात बुद्ध्यांक क्वचितच असतो, तिथे प्रश्नावल्या असतात. नैराश्यासाठी 'पी.एच.क्यू.-9' सगळीकडे वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27. 5 पासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून मध्यम-तीव्र, 20 पासून तीव्र. दुसरी एक बेकची प्रश्नावली, 21 प्रश्न, एकूण 63. आता 18 हा आकडा बघा. पहिल्या प्रश्नावलीत 18 म्हणजे मध्यम-तीव्र, बेकच्या आजच्या आवृत्तीत 18 म्हणजे सौम्य. आकडा सांगताना 'कितीपैकी' आणि 'कुठल्या चाचणीत' हे सांगितलं नाही तर त्याला अर्थच उरत नाही. तिसरी हॅमिल्टनची मोजपट्टी, ती माणूस स्वतः भरत नाही, तपासणारा बोलून-बघून भरतो.

या प्रश्नावल्या चाळणीसारख्या आहेत. आजकाल ऑफिसच्या अॅपवर सुद्धा त्या भरून घेतात आणि लगेच लाल अक्षरांत निकाल दाखवतात. चाळणीत अडकलेलं सगळं खडेच असतात असं नाही. थायरॉइड बिघडलं तरी थकवा येतो आणि झोप बिघडते, नुकतंच घरात कुणी गेलं असेल तरी आकडा वर जातो. म्हणून 10 च्या वर आकडा आला की तज्ज्ञाने माणसाला समोर बसवून बोलायचं असतं, आणि ते बोलणं झाल्याशिवाय केलेलं निदान मी तरी निदान धरणार नाही. मात्र पी.एच.क्यू.-9 मधला नववा प्रश्न एकूण बेरजेत हरवू देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्यात विचारलेलं असतं. एकूण आकडा 6 असला आणि तिथे 0 सोडून दुसरं काही असलं, तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोलायचं आणि डॉक्टरांनाही कळवायचं.

वयस्कर मंडळींच्या विस्मरणाच्या तपासणीला 'मोका' नावाची 30 गुणांची चाचणी करतात, 26 च्या खाली आलं की पुढे तपासतात. शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर 1 गुण वाढवून देतात. पण ज्या आजी चौथीनंतर शाळेतच गेल्या नाहीत त्यांना घनाचं चित्र काढायला लावून 1 गुण वाढवून दिल्याने कितीसं भागणार? शिक्षणाच्या रकान्यात काय भरलंय ते इथे आधी बघायचं, आणि आजींनी चष्मा व कानातलं यंत्र लावलं होतं का तेही विचारायचं.

आता शब्द. डॉक्टरी रिपोर्टातली लघुरूपं ही एक वेगळीच बोली आहे. 'सी/ओ' म्हणजे तक्रार, 'एच/ओ' म्हणजे पूर्वी घडलेलं, 'के/सी/ओ' म्हणजे आधीच निदान झालेला आजार. आणि 'आर/ओ' म्हणजे 'रूल आउट'. हे सगळ्यात घातक. एका घरात 'आर/ओ बायपोलर' वाचून मुलीला बायपोलर आहे असं गावभर झालं होतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, की ही शक्यता तपासून बाजूला काढायची राहिली आहे. 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरतं, 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे तसं दिसतंय, शब्दाआधीचं प्रश्नचिन्ह म्हणजे खरोखरच प्रश्नचिन्ह. रिपोर्ट लिहिणारा माणूस हे शब्द जपून वापरतो, आपण ते गाळून पुढचा शब्द तेवढा उचलतो.

'इन्साइट ग्रेड 4' याने असाच घोळ होतो. कॅन्सरच्या चौथ्या स्टेजसारखं काहीतरी वाटून माणसं हादरतात. आपल्याला काही त्रास होतोय याची जाणीव माणसाला किती आहे, ते 1 ते 6 मध्ये मोजतात. 1 म्हणजे 'मला काहीच झालेलं नाही', 6 म्हणजे पुरती जाण. इथे वरचा आकडा चांगला. तसंच 'जजमेंट' म्हणजे प्रसंग पाहून योग्य ते ठरवता येतं का याची तपासणी. त्याचा आपल्या 'अक्कल नाही'शी संबंध नाही.

निदानाशेजारी 'एफ 32.1' असं काहीतरी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला हा क्रमांक. तिच्या दहाव्या आवृत्तीत मानसिक आजारांचं प्रकरण 'एफ' अक्षराखाली आहे. एफ 32.1 म्हणजे मध्यम नैराश्याचा झटका, एफ 41.1 म्हणजे सततची चिंता, एफ 81.0 म्हणजे वाचनदोष, तोच आत्याच्या नातवाचा. 2022 पासून अकरावी आवृत्ती लागू झाली, तिच्यात क्रमांकांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून 'आजार बदलला' असं समजू नका. आणि एफ 32 च्या नावात 'एपिसोड' हा शब्द आहे. एपिसोड सुरू होतो तसा संपतोही.

सही कुणाची आहे तेही बघा. चाचण्या घेऊन असा रिपोर्ट लिहिणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर.सी.आय.कडे असावी लागते, आणि तो क्रमांक सहीखाली असतो. औषध लिहून देतो तो सायकिअॅट्रिस्ट, तो एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर. आपल्याकडे धारवाडच्या डिम्हान्समध्ये दोघेही भेटतात. सहीच्या वर 'रेकमेंडेशन्स' असतात, म्हणजे पुढे काय करायचं. आठ पानांतलं हे एकमेव असं, ज्यावर सोमवारपासून काही करता येतं. आत्याच्या नातवाच्या रिपोर्टात तिथे पाच ओळी होत्या: वाचनासाठी खास शिक्षिका, परीक्षेत जादा वेळ, मोठ्याने वाचायला वर्गात उभं करू नये, वगैरे. शाळेला द्यायला हे एक पान पुरतं. घरातल्या भांडणांचा, आईच्या बाळंतपणाचा, वडिलांच्या दारूचा उल्लेख असलेलं दुसरं पान शाळेच्या फाइलमध्ये जायचं कारण नाही. शाळेसाठी वेगळा सारांश मागितला तर सहसा मिळतो.

चौथ्या रिपोर्टाबद्दल अजून लिहिलं नाही. तो एका 24 वर्षांच्या मुलीचा होता, लांबच्या नात्यातली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर आला, वर लिहिलेलं, 'जरा बघून सांग, स्थळाचं चाललंय'. आणि पीडीएफच्या डोक्यावर व्हॉट्सअॅपचे ते दोन बाण होते, 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं' असं सांगणारे. पाच किंवा जास्त हातांतून गेल्याशिवाय ते बाण येत नाहीत. मी फाइल उघडली नाही. पाठवणाऱ्या काकांना फोन केला आणि विचारलं, तिला माहीत आहे का हे फिरतंय ते. काका म्हणाले, "तिला काय विचारायचं, आपलंच पोर की ते."

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपल्या उपचारांची नोंद मागण्याचा हक्क त्या माणसाचा आहे, आणि ती गुप्त ठेवली जाण्याचाही. डॉक्टरांना काही भाग रोखून ठेवता येतो, पण तो वाचून त्या माणसाला गंभीर मानसिक इजा होण्याची किंवा दुसऱ्या कुणाला धोका पोचण्याची शक्यता असेल तरच. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असंही त्यात लिहिलंय. कायद्याने डॉक्टर आणि रुग्णालयं बांधली गेली आहेत. काकांच्या मोबाइलपर्यंत कायदा कसा पोचणार?

मी काकांना सांगितलं, की ती स्वतः मला पाठवेल तर मी वाचेन, आणि काय कळलं ते तिलाच सांगेन. तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. तिने आठही पानं पाठवली नव्हती, पाचव्या पानाचा फोटो होता, आणि एका ओळीखाली बोट ठेवलेलं. 'पार्शियल रेमिशन म्हणजे काय रे दादा?' म्हणजे बरंचसं कमी झालंय, थोडं बाकी आहे, असं मी तिला मराठीत लिहून पाठवलं. मग आम्ही अर्धा तास बोललो. स्थळाला काय सांगायचं, कधी सांगायचं आणि कुणी सांगायचं, हे तिने आधीच ठरवलेलं होतं.

रात्री-बेरात्री कुणाला विचारावं असं वाटलं तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.